सहा गाणी त्याची, दोन माझी

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं होतो. गिटार वाजवणारा आंबा बागायतदारांच्या घरातला. ड्रम वाजवणारा पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. गाणारा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरचा, आयटीआय करून बर्फाच्या कारखान्यात मशीनवर लागलेला. आणि बेस गिटार वाजवणारी मी, मांडवीत राहणाऱ्या एका हायस्कूल मास्तरांची मुलगी. दोन हजार पाचच्या आसपासची ही हकिगत. आम्ही मेटलकोर वाजवायचो.

हा शब्द तेव्हा रत्नागिरीत कुणाला सांगून उपयोग नसे. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना कळे, भजन म्हटलं की कळे, नमन-खेळे म्हटलं की कळे. आमचं काय ते कळत नसे. गिटार जाड आणि खरखरीत आवाजात पळत असते, मधेच सगळं एकदम संथ आणि जड होतं, जसं कुणी मोठा दगड ढकलत चाललंय, आणि त्यावर गाणारा गात नाही, ओरडतो. आमच्या गिटारवाल्याच्या मुंबईच्या मावसभावानं मे महिन्याच्या सुटीत असल्या गाण्यांची एक सीडी आणली होती. ती आम्ही कॉलेजातल्या तिघांनी इतकी ऐकली की शेवटी ती अडकायला लागली. मग आपणच वाजवू या असं ठरलं. वाजवणारे झाले, ओरडणारा मिळेना. ड्रमवाल्यानं आणि गिटारवाल्यानं दोघांनी ओरडून पाहिलं. दोघंही दुसऱ्या दिवशी घसा धरून बसले.

गाणारा सापडला तो एका लग्नामुळे. गिटारवाल्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं आणि सरबतासाठी बर्फ आणायला तो मिरकरवाड्याच्या कारखान्यात गेला होता. तिथं कॉम्प्रेसरच्या खोलीत यंत्राची इतकी घरघर असते की शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही. त्या घरघरीच्या आतून त्याला माणसाची किंकाळी ऐकू आली. कुणाला लागलं असं वाटून हा धावत आत गेला. आत निळ्या शर्टातला एक मुलगा मशीनच्या काट्यावर डोळे ठेवून शांतपणे उभा होता आणि पोटातून ओरडत होता. शेजारी राहणाऱ्या एका खलाशानं परदेशातून आणलेल्या कॅसेटी ऐकून तो हे शिकला होता. घरी ओरडायची सोय नव्हती, म्हणून कामावर ओरडायचा.

त्या संध्याकाळी गिटारवाला आम्हांला म्हणाला, “मिळाला. पण तो बोलतो फार हळू. ऐकायला वाकावं लागतं.”

ते खरंच होतं. मी इतकं मऊ बोलणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. आवाज खालचा, जरा खर्जातला, आणि शब्दांच्या शेवटी मिरकरवाड्याचा हेल. पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्याकडे न बघता ड्रमवाल्याला विचारलं, “ह्या पण वाजवतात?” मग दोन महिने मला अहो-जाहो करत होता. ओरडायला लागला की मात्र शेडचे पत्रे वाजत.

शेड म्हणजे गिटारवाल्याच्या बागेतली आंबा भरायची शेड. हंगामात तिथं पेट्या, पेंढा आणि माणसांची गडबड असे. हंगाम संपला की वर्षाचे उरलेले महिने ती रिकामी. शहरापासून जरा लांब, चहू बाजूंना कातळ आणि कुंपणाला चिऱ्याच्या दगडांचा गडगा. आमचा त्रास फक्त बागेतल्या राखणदाराला होता आणि तो बिचारा आम्ही आलो की पंप बघायला खालच्या अंगाला निघून जाई. कोपऱ्यात वर्षभर पेंढ्याचा वास राही. तो वास मला अजून कुठं आला की बोटांना तारा आठवतात.

गाणी त्यानंच लिहिली. आम्ही बाकीचे इंग्रजीत लिहायच्या विचारात होतो, कारण ऐकलेली सगळी गाणी इंग्रजीतली. तो म्हणाला, “इंग्रजीत मला राग येत नाय.” मग मराठीतच ठरलं. त्याचं लिहिणं साधं असे. मुंबईला गोदीत कामाला असलेले त्याचे वडील फक्त शिमग्याला आणि गणपतीला घरी येत. एक गाणं त्यांच्या चपलांवर होतं, ज्या वर्षभर दाराशी तशाच असायच्या. एक गाणं जेटीवर मासे निवडणाऱ्या बायकांच्या हातांवर होतं. असे शब्द किंचाळत म्हटले की काहीतरी वेगळं व्हायचं. काय ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आताही येत नाही.

आठ गाणी झाल्यावर अल्बम करायचा असं आम्ही ठरवलं. मारुती मंदिराच्या बाजूला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटा स्टुडिओ होता. तिथं भजनी मंडळं येत, नमनाची मंडळं येत, शाळांची स्वागतगीतं होत. स्टुडिओ चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही काका म्हणायचो. त्यांना पहिल्या दिवशी गाणाऱ्यानं एक ओळ म्हणून दाखवली. काकांनी कानावरचे हेडफोन काढले, पुसले, परत घातले आणि म्हणाले, “माईक जरा लांब ठेवू या.” एवढंच. पुढं त्यांनी घरातून गोधड्या आणून भिंतींना टांगल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही.

त्या दिवसांत भारनियमन होतं. वीज कधी जाणार ते पेपरात येई आणि त्याच्या आधीही जाई. त्यामुळे काकांना एक सवय पडली होती. माणूस माईकसमोर उभा राहायच्या आधीच ते रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचे. “वीज आहे तोवर जे पदरात पडेल ते घ्यावं,” म्हणायचे. आम्ही आधी वाद्यं रेकॉर्ड करून घेतली. आवाज पावसाळ्यात घ्यायचा ठरला, कारण पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बर्फाचा कारखाना बंद, म्हणून तो मोकळा. आषाढ-श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्यानं सहा गाणी म्हटली. एकेक गाणं पुन्हा पुन्हा. चेहरा लाल व्हायचा, कपाळाची शीर तटतटायची. झालं की पाणी पिऊन तो त्याच्या त्या मऊ आवाजात विचारायचा, “बरा झाला काय?”

दोन गाणी राहिली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या परत समुद्रात जाणार म्हणून कारखान्यानं मशीन सुरू करायला घेतलं. “एक-दोन रविवारात उरलेली म्हणून टाकतो,” असं तो म्हणाला होता.

बंद असलेलं मशीन सुरू करताना कुठलासा जोड सुटला आणि अमोनिया बाहेर आला. बर्फ करायला तो वायू वापरतात. मी तेव्हा घरी होते. सकाळची वेळ. ड्रमवाला सायकलवरून आला, सायकल गेटाला न लावता तशीच आडवी टाकली आणि म्हणाला, “कारखान्यात गॅस सुटला. आपला आत होता. सिव्हिलला नेलंय.”

सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची आई बसली होती. ती बाजारात मासे विकायची, तिथूनच कुणीतरी तिला उठवून आणलं होतं. पदराला खवले चिकटलेले होते. मी तिला याआधी एकदाच पाहिलं होतं. मी शेजारी बसले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तो भायेर आला होता गो. सगळी सांगतात, आला होता भायेर. मग परत कशाला गेला?”

परत कशाला गेला ते दुपारपर्यंत कळलं. आत बर्फाच्या टाकीपाशी एक वयस्क कामगार होता, पायानं अधू. बाहेर आलेल्यांत तो नाही हे याच्या लक्षात आलं. तोंडाला ओला टॉवेल बांधून हा आत गेला आणि त्या माणसाला ओढत दारापर्यंत घेऊन आला. त्या माणसाला फारसं काही झालं नाही, कारण यानं आपला टॉवेल सोडून त्याच्या तोंडावर धरला होता.

त्याच दिवशी त्याला कोल्हापूरला हलवलं. आंबा घाटातून जाणाऱ्या त्या गाडीत त्याच्या आईबरोबर आमचा ड्रमवाला होता. श्वास कोंडायला लागला म्हणून कोल्हापुरात पोचल्या पोचल्या त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. डोळे वाचले. फुफ्फुसं हळूहळू सावरली. घशाच्या आतला भाग मात्र भाजला होता. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं, “श्वासाचं आम्ही बघतो. आवाजाचं काही सांगता येत नाही.” वडील त्या वर्षी गणपतीसाठी काढलेल्या तिकिटावर आले आणि रत्नागिरीत उतरून घरी न जाता तसेच पुढं कोल्हापूरला गेले. घरचा दीड दिवसाचा गणपती शेजाऱ्यांनी बसवला आणि शेजाऱ्यांनीच पोचवला.

तो परत आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. गळ्यात नळी, त्यावर पांढरा कपडा. बोलायचं असेल तर नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, मग ओठांतून हवेसारखं काहीतरी बाहेर येई. त्यात शब्द असत, आवाज नसे. आम्ही तिघं भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईनं चहा दिला आणि ती बाहेर जाऊन बसली. आम्ही चहा संपवला. मग त्यानं बोट ठेवलं आणि विचारलं, “दोन गाणी राहिली ना?”

तिथून आमच्यात मतभेद सुरू झाले. गिटारवाल्याला पुण्यातला एक गाणारा मिळाला होता. तो म्हणे, आठही गाणी त्याच्याकडून नव्यानं म्हणवून घेऊ, म्हणजे पुढं कार्यक्रम करता येतील. ड्रमवाला म्हणे, सहाच गाण्यांचा अल्बम काढू आणि थांबू. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघंही शेवटी शेडमध्ये आवाज चढवून भांडले ते गाण्यांवरून नव्हतं, कशावर तरी राग काढायचा होता म्हणून. गाणारा पेंढ्याच्या ढिगावर बसून ऐकत होता. दोघं भांडून थकल्यावर त्यानं गळ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “उरलेली दोन तू म्हण.”

मी म्हटलं, “मला येत नाही.”

“मलाही येत नव्हता,” तो म्हणाला.

मी त्या आधी शाळेत राष्ट्रगीताच्या पलीकडं काही गायले नव्हते. पुढचे काही महिने, सुटीच्या दिवशी दुपारी, तो मला शेडमध्ये ओरडायला शिकवत होता. करून दाखवणं त्याला शक्य नव्हतं. तो माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसायचा, मी ओरडायचे आणि तो मान हलवायचा. बहुतेक वेळा नाही अशीच. कधी आंब्याच्या पेटीच्या फळीवर बोटांनी ताल धरायचा. सांगायचं असलं की बोट गळ्याकडं जाई, आणि ते जायला लागलं की मी आधीच गप्प व्हायचे, कारण त्या हवेतले शब्द ऐकायला पूर्ण शांतता लागायची.

“गळ्यातनं नको. पोटातनं.”

“घाई नको. श्वास पुरा होऊ दे.”

आणि सगळ्यांत जास्त वेळा, “दुखलं की थांब. दुखतं म्हणजे चुकतंय.” या एका बाबतीत तो फार कडक होता. माझा आवाज जरा बसलेला वाटला तरी तो उठून चालू लागे, त्या दिवसाची शिकवणी संपली. एकदा मी हट्टानं तशीच ओरडत राहिले तर त्यानं ॲम्प्लिफायरची पिनच काढली आणि नुसतं बघत उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, “गळा राख.”

मग एका दुपारी तो आवाज आला. मला तो माझा वाटलाच नाही. छाती, पाठ, मांड्या सगळं एकदम थरथरलं आणि घशाला काहीही झालं नाही. मी ओळ पुरी केली आणि त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं होतं.  मी बेस उतरवून ठेवला आणि काय करावं न कळून तिथंच उभी राहिले. शेवटी तो वळला आणि बोट ठेवून म्हणाला, “हां. हाच.”

मी दोन्ही गाणी स्टुडिओत म्हटली. काका या खेपेला काही बोलले नाहीत, फक्त गोधड्या पुन्हा टांगल्या.

याच सुमाराला त्याची आई एक दिवस माझ्या घरी आली. दारात टोपली ठेवली, आत यायला तयार नव्हती. माझ्या आईनं हाताला धरून आत आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ती मला म्हणाली, “तुमच्या त्या यंत्रात त्याचा आवाज हाय म्हणतात. खरा काय?”

“हो,” मी म्हटलं, “सहा गाणी आहेत.”

“मला ऐकवशील?”

मी तिला त्याच दिवशी स्टुडिओत घेऊन गेले. काकांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन तिला जड होतील म्हणून मोठे स्पीकर लावले आणि चपलांचं गाणं सुरू केलं. ती हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. दुसरं लावलं, तेही ऐकलं. मग ती हळूच म्हणाली, “ह्यो ओरडतोय. चांगला ओरडतोय. पण मला त्याचा घरातला आवाज पायजे होता. आई म्हणून हाक मारायचा तो.”

त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तेव्हा मोबाईल होते, पण आमच्याजवळचे नुसते बोलायचे. त्याच्या घरी कसलं रेकॉर्डिंग असायचं कारण नव्हतं. फोटो होते, शाळेतले, लग्नातले. तो बोलतो कसा हे कुठंच राहिलेलं नव्हतं. आमच्याकडं होत्या त्या त्याच्या किंकाळ्या, आणि त्यावरून तो कसा बोलायचा हे परक्या माणसाला कधीच कळलं नसतं.

काकांनी कळफलक पुढं ओढला. मग म्हणाले, “वहिनी, जरा वेळ आहे ना तुम्हांला?” आणि त्यांनी जुनी, न वापरलेली रेकॉर्डिंगं उघडायला सुरुवात केली. माणूस उभा राहायच्या आधी चालू केलेली. ओरडण्याच्या आधीचे आणि नंतरचे तुकडे. सुरुवातीला नुसता पावसाचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. कुणीतरी खोकतंय. मग गिटारवाल्याचं हसणं. मग एकदम तो, स्वच्छ, अगदी खोलीत असल्यासारखा: “काका, पान उलटा धरलाय मी.” तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

असे बरेच तुकडे निघाले. पाणी मागतानाचा, वीज गेली काय विचारतानाचा. आणि एका ठिकाणी, शेवटची ओळ म्हणून झाल्यावर, धापा टाकत, “लवकर आटपू या. आईनं सोड्यांचा कालवण ठेवलाय, थंड होईल.”

ती रडली नाही. मी आणि काका मात्र एकमेकांकडं बघू शकलो नाही. ती काकांना म्हणाली, “परत लावा.” काकांनी परत लावलं. नंतर तिनं विचारलं, “हे घरी नेता येतं?” काकांनी ते सगळे तुकडे एकामागोमाग जोडून एक वेगळी सीडी करून दिली आणि तिच्या पिशवीत स्वतः ठेवली.

गिटारवाल्याला हे कळलं तेव्हा त्याला ते फार भिडलं. तो म्हणाला, अल्बमची सुरुवातच या बोलण्यानं करू. मलाही ते पटलं होतं. ऐकणाऱ्याला आधी हा मऊ आवाज कळेल, मग किंकाळी. आम्ही तसं गाणाऱ्याला जाऊन सांगितलं. त्यानं नाही अशी मान हलवली. मग बोट ठेवून दोनच शब्द म्हणाला, “ते घरचं.” विषय तिथं संपला.

सीडीच्या आत गाण्यांचे शब्द छापायचे होते. मी ते कागद टेबलावर ठेवले होते आणि सकाळी बघते तो त्यावर लाल खुणा. माझ्या वडिलांनी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते. वडिलांनी माझ्या बँडला कधी विरोध केला नाही आणि कधी त्याबद्दल विचारलंही नाही. बेस गिटार घरात आली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “भिंतीला टेकवू नकोस, ओल येते.” आता ते चष्मा पुसत म्हणाले, “शब्द चांगले आहेत. हात हा शब्द इतक्या वेळा आलाय आणि दर वेळी वेगळा हात आहे.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “कार्यक्रम कुठं करताय?” मी सांगितलं, हॉल मिळत नाही, काय वाजवणार सांगितलं की नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुख्याध्यापकांकडं शाळेचं सभागृह मागितलं. आयुष्यात त्यांनी शाळेकडं स्वतःसाठी काही मागितलेलं मला माहीत नाही.

अल्बमचं नाव ठरेना, म्हणून मुखपृष्ठावर फक्त बँडचं नाव टाकलं आणि खाली पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्यांचा एक फोटो. प्रकाशन रविवारी दुपारी, वीज असण्याच्या वेळेत. कॉलेजातली मुलं आली, नातेवाईक आले, बागेतला राखणदार आला. कारखान्यातले कामगार मागच्या ओळीत येऊन बसले. त्यांच्यात काठी घेतलेला तो वयस्क माणूस होता. गाणाऱ्याची आई पुढं, माझ्या आईवडिलांच्या शेजारी. त्याचे वडील मुंबईहून आले होते आणि नवा शर्ट घालून अवघडून बसले होते.

अडचण एकच होती. सहा गाण्यांतला आवाज त्याचा, आणि तो फक्त रेकॉर्डिंगमध्ये. काकांनी तोड काढली. वाद्यं आम्ही प्रत्यक्ष वाजवायची, आवाज सीडीवरून द्यायचा. ड्रमवाल्यानं कानात हेडफोन घालून त्या आवाजाबरोबर चालायचं. काका मिक्सरपाशी बसणार होते. पण पहिलं गाणं सुरू व्हायच्या वेळी गाणारा आपल्या जागेवरून उठला, मिक्सरकडं गेला आणि काकांच्या खांद्याला हात लावला. काका उठले. तो बसला आणि स्वतःचा आवाज वरखाली करणाऱ्या बटणावर त्यानं बोट ठेवलं.

सहा गाणी त्यानं तशी म्हटली, असंच मी म्हणेन. कुठं आवाज वर न्यायचा, कुठं मागं ओढायचा, कुठं नुसता श्वास राहू द्यायचा, ते सगळं त्या बोटात होतं. मी स्टेजवरून बघत होते. ओळी येत तेव्हा त्याचे ओठ हलत आणि कपाळाची शीर तशीच तटतटे. समोर कॉलेजातली मुलं आधी उभी राहून हात उडवत होती. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत एकेक करून बसली. चपलांच्या गाण्यात त्याच्या वडिलांनी मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत वर केली नाही. शेवटची दोन मी म्हटली. त्याच्याकडं बघून म्हटली. दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी मी श्वास अर्धाच घेतला, तर त्याची मान लगेच आडवी हलली.

कार्यक्रम झाल्यावर काठीवाला माणूस पुढं आला.  त्यानं गाणाऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच उभा राहिला. मग आईनं, म्हणजे गाणाऱ्याच्या आईनं, त्याला म्हटलं, “दादा, बसा. चाय येते हाय.” तेवढ्यावर दोघंही बसले.

वडील आणि मी चालतच घरी निघालो. मांडवीच्या वळणावर ते म्हणाले, “तुझ्या घशाला काही होत नाही ना?”

“नाही बाबा. त्यानं नीट शिकवलंय.”

“मग बरं,” ते म्हणाले.

अल्बम फार कुठं गेला नाही. बसस्टँडजवळच्या दुकानात काही दिवस काचेत होता. मुंबई-पुण्याच्या काही मुलांनी मागवला, एका मासिकात चार ओळी आल्या. आम्ही आणखी दोन कार्यक्रम केले आणि मग गिटारवाला पुण्याला नोकरीला गेला, ड्रमवाल्याला जयगडला बंदरात काम मिळालं, मी बी.एड. करून लांज्याकडच्या एका गावात शिकवायला लागले. भांडण वगैरे काही झालं नाही. शेड हंगामात भरली आणि हंगाम संपल्यावर आम्ही परत गेलो नाही.

त्याची नळी पुढं वर्षभरानं काढली. आवाज आला तो एवढाच, की आता बोट ठेवावं लागत नाही. कारखान्यात तो पुन्हा गेला नाही. काकांचे डोळे कमजोर झाले होते, त्यांना हाताखाली माणूस हवा होता; तो स्टुडिओत बसायला लागला आणि काका थकल्यावर स्टुडिओ तोच सांभाळू लागला. त्याच्या आईनं ती सीडी नंतर किती वेळा ऐकली, ऐकली की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी एकदा शाळेच्या स्वागतगीताच्या रेकॉर्डिंगसाठी मी मुलींना घेऊन त्याच्याकडं गेले. मुली त्याच्या त्या हवेतल्या बोलण्यानं आधी बिचकल्या, मग दहा मिनिटांत त्याच्यासारखंच हळू बोलायला लागल्या. गाणं झाल्यावर त्या खाली गाडीत जाऊन बसल्या. तो वायरी गुंडाळत होता. मला म्हणाला, “ओरडतेस का अजून?”

“वर्गात,” मी म्हटलं.

त्याचे खांदे हलले. तो हसत होता. त्याच्या हसण्याला आता आवाज नसतो, पण हसला की कळतं. मग तो म्हणाला, “पोटातनं ओरडतेस ना?”

मी हो म्हटलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला. मी जिना उतरले तेव्हा भजनी मंडळातली माणसं टाळ-मृदंग घेऊन वर चढत होती, त्यांना वाट देण्यासाठी मी कठड्याला टेकून उभी राहिले.